आवडत्या जगांची क्रमवारी

मम्मटाने काव्याचे उत्तम, मध्यम आणि अवर असे तीन वर्ग केले तेव्हा त्याच्या हातात एक कसोटी होती. व्यंग्यार्थ वाच्यार्थाहून वरचढ असेल ते उत्तम, व्यंग्यार्थ आहे पण गौण आहे ते मध्यम, आणि ज्यात केवळ शब्दार्थांची चमत्कृती आहे ते अवर. ही कसोटी ज्याला मान्य नाही त्याने भांडावे. निदान भांडण कशाशी आहे हे त्याला ठाऊक असते. आपल्या विद्यापीठीय वर्तुळात मात्र क्रमवारी लावणे हा रविवारच्या पुरवण्यांचा उद्योग मानला जातो. प्रत्यक्षात अभ्यासक्रमात कोणती कादंबरी नेमायची आणि कोणती 'अवांतर वाचना'त ढकलायची हे ठरवणारी मंडळी क्रमवारीच लावत असतात. फरक इतकाच की मम्मट कसोटी सांगतो आणि ही मंडळी सांगत नाहीत.

हा विषय काढण्याचे कारण असे की ज्या मुलांना मी शिकवतो ती मुले सतत क्रमवारी लावत असतात. मी राहतो अंबडला; जालना जिल्ह्यातल्या नव्हे, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या अंबडला. इथली बरीचशी मुले कारखान्यांत पाळी करणाऱ्या घरांतली आहेत. आईवडील खानदेशातून, मराठवाड्यातून, काहींचे उत्तरेतून आलेले. त्यांना आवडत्या काल्पनिक जगांची नावे उतरत्या क्रमाने लिहायला सांगितली तर कागद दोन मिनिटांत भरतो. मार्व्हल, हॅरी पॉटर, स्टार वॉर्स, नारुतो, वन पीस, मध्येच बाहुबली, एखाद्या मोठ्या भावाच्या आठवणीतून आलेला शक्तिमान. मराठी नाव एकही नसते. शिक्षकांच्या खोलीत यावर जे उसासे टाकले जातात त्यांचा मला कंटाळा आहे. मुले वाचत नाहीत, भाषा बुडाली, वगैरे. मुले काय निवडतात यापेक्षा त्यांना निवडायला आपण काय ठेवले आहे, हे आधी पाहायला हवे.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरू. 'फ्रँचायझी' हा शब्द या प्रकाराला चिकटला आहे आणि मराठीत त्याला सोयीचा पर्याय नाही. 'मालिका' म्हटले की संध्याकाळी सातची सासू आठवते. अंबडच्या रस्त्यावर हा शब्द चहाच्या आणि वडापावच्या दुकानांवर वाचायला मिळतो: 'फ्रँचायझी देणे आहे'. हा अर्थ मुळाशी प्रामाणिक आहे. एकाच्या नावाने दुसऱ्याने दुकान चालवायचे, चव ठरलेली, फलक ठरलेला, वाटा ठरलेला. डिस्नेने २००९ साली मार्व्हल आणि २०१२ साली लुकासफिल्म विकत घेतली, प्रत्येकी सुमारे ४०० कोटी डॉलरांना, ती याच अर्थाने. पण वाचक किंवा प्रेक्षक ज्यावर प्रेम करतो ते दुकान नसते. ते एक जग असते. पुन्हा पुन्हा जाता येईल असे, ज्याचे नियम आपल्याला पाठ आहेत असे. म्हणून मी येथे 'जग' हाच शब्द वापरतो.

अशा जगांची जाहीर क्रमवारी लावण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग १९६६ साली झाला. त्या वर्षी क्लीव्हलँड येथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात 'आजवरची सर्वोत्कृष्ट मालिका' असा ह्यूगो पुरस्कार देण्यात आला. स्पर्धेत टॉल्किनचे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' होते, हाइनलाइनचा भविष्येतिहास होता, एडगर राइस बरोजचा मंगळ होता, ई. ई. स्मिथचे लेन्समन होते. निवड झाली ती असिमॉव्हच्या 'फाउंडेशन'ची. हा पुरस्कार टॉल्किनसाठीच काढला असावा असा खुद्द असिमॉव्हचा समज होता. आज तीच मते पुन्हा घेतली तर निकाल बहुधा उलटा लागेल. यावरून क्रमवारी निरर्थक ठरते असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. त्या निकालातून १९६६चा विज्ञानकथा वाचक कशाला मोठे मानत होता ते नेमके कळते: साम्राज्ये का कोसळतात हे गणिताने सांगता येईल, या कल्पनेला. पात्रे त्याला गौण होती. 'फाउंडेशन'मधला हॅरी सेल्डन बहुतेक काळ मेलेलाच असतो, आणि तरीही सारे त्याच्या शब्दावर चालते.

माझी कसोटी वेगळी आहे आणि ती आधीच सांगतो. जे जग निर्मात्याने हात काढून घेतल्यावरही चालते, ज्यात वाचकाला परत जाता येते आणि गेल्यावर स्वतःचे काही भर घालता येते, ते वरचे. या कसोटीवर माझ्या यादीत पहिला क्रमांक 'स्टार ट्रेक'चा. तेही १९६६चेच अपत्य. प्रेक्षकांनी पत्रांचा वर्षाव केल्याने १९६८ साली मालिकेला तिसरे वर्ष मिळाले, १९६९ साली ती बंद पडली, आणि प्रेक्षकांनी ती बंद पडू दिली नाही. १९६७ पासून हौशी अनियतकालिकांत लोक त्या जगाच्या कथा स्वतःच लिहीत होते. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात ती आपल्याकडेही दिसली. आणखी एक कारण थोडे स्थानिक आहे. त्या यानावर लोक कामाला असतात. पाळ्या लागतात, यंत्र बिघडते, अभियंता वरच्याला सांगतो की एवढ्या वेळात दुरुस्ती होणार नाही, आणि मग करून दाखवतो. औद्योगिक वसाहतीतल्या मुलांना हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. राजपुत्र आणि निवडलेला वारस यांच्या कथा त्या मानाने त्यांच्यापासून फार दूरच्या.

'फाउंडेशन' दुसरे. 'स्टार वॉर्स' मी बरेच खाली ठेवतो, आणि त्याचे कारण १९७७च्या चित्रपटात नाही. तो चित्रपट मला आवडतो. कारण २०१४ सालचे आहे. त्या वर्षी मालकांनी जाहीर केले की तोवर दशकानुदशके लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्या आणि चित्रकथा यापुढे अधिकृत कथेत धरल्या जाणार नाहीत. त्या 'आख्यायिका' समजाव्यात. वाचकांनी ज्या पात्रांसह तारुण्य काढले ती पात्रे एका निवेदनाने झाली नव्हती अशी झाली. पुराणांच्या बाबतीत हे कोणाला करता आले असते का? कोणत्या मठाने सांगितले असते की अमुक कीर्तनकाराचे आख्यान उद्यापासून घडलेलेच नाही? दुकान आणि जग यांतले अंतर येथे उघड होते.

पुराणांचा उल्लेख सहज आलेला नाही. अंबडहून पांडवलेण्यांकडे गेले की पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक लागते. स्मारकाच्या आजच्या स्थितीबद्दल न बोललेले बरे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने नाशिकला चित्रपटांचा कारखाना चालवला, आणि १९१८ साली 'श्रीकृष्णजन्म', १९१९ साली 'कालिया मर्दन' काढताना दोन्हींत कृष्ण म्हणून आपल्या लहानग्या मुलीला, मंदाकिनीला, उभे केले. तोच देव, तीच मुलगी, पुढची लीला. प्रेक्षकाला कृष्ण कोण हे सांगावे लागत नव्हते. तो आधीपासूनच त्या जगाचा रहिवासी होता. फाळक्यांनी ते जग निर्माण केले नाही, त्यात भर घातली. आपल्या परंपरेला ही रीत पूर्ण ठाऊक होती.

मग आधुनिक मराठी गद्याचे काय झाले? जग निर्माण करणारे लेखक आपल्याकडे झालेच नाहीत असे नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांच्यासाठी लोक वाचनालयांत रांगा लावत. समीक्षेने त्यांना साहित्याच्या दाराबाहेर उभे केले, आणि तिथे ते आयुष्यभर उभे राहिले. नव्वद वर्षांच्या आयुष्यात त्यांच्यावर जितके गंभीर लिहिले गेले त्याहून अधिक एखाद्या विस्मृत नवकवीवर लिहिले गेले असावे. अर्नाळकरांचे लेखन उसने आहे, घाईचे आहे, हे मला मान्य. पण लक्षावधी वाचकांना वाचनाची सवय ज्याने लावली त्याचा अभ्यास करायला त्याला थोर मानावे लागत नाही.

भा. रा. भागवतांचे प्रकरण अधिक बोलके आहे. ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणून बसवणारे ते, आणि फुरसुंगीचा बनेश फेणे जन्माला घालणारेही तेच. वीस पुस्तके, एक सायकल, तोंडात एक 'ट्टॉक'. माझ्या कसोटीवर विसाव्या शतकातले खरेखुरे मराठी जग हे एकच, म्हणून यादीत ते तिसरे. ऐंशीच्या दशकात सुमीत राघवनने तो दूरदर्शनवर आणला, २०१७ साली अमेय वाघने मोठ्या पडद्यावर. दोन्ही वेळा लोकांनी 'हा आमचा फेणे नव्हे' अशी तक्रार केली. जगाचे रहिवासी असल्याशिवाय अशी तक्रार करता येत नाही. परंतु फेणे हे साहसाचे जग आहे, विज्ञानकथेचे नाही. भागवतांनी व्हर्नकडून विज्ञान घेतले ते अनुवादात, आणि वेग घेतला तो फेण्यात.

आता विज्ञानकथा. येथे जयंत नारळीकरांना टाळून पुढे जाता येत नाही, आणि टाळण्याची इच्छाही नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरे उलटी केली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि पहिले बक्षीस मिळवले. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून त्यांच्या विज्ञानकथांची दखल घेतली. त्यांच्या पिढीत आणि मागोमाग बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर असे समर्थ लेखक आले. हे सारे खरे असूनही माझ्या विद्यार्थ्यांच्या कागदावर त्यातले काही नसते, आणि माझ्या मते त्याचे कारण या कथांच्या गुणवत्तेत नाही, त्यांच्या घडणीत आहे.

मराठी विज्ञानकथा वाढली ती स्पर्धांत, मासिकांत आणि दिवाळी अंकांत. तिला पानांची मर्यादा होती आणि तिच्यावर एक जबाबदारी होती: विज्ञानाचा प्रसार. एक संकल्पना घ्यायची, ती कथेत गुंफायची, शेवटी उलगडायची. संकल्पना उलगडली की कथा संपते, आणि खरोखरच संपते. कृष्णविवर कळले; आता तिथे परत कशाला जायचे? कित्येकदा या कथांतली पात्रे संकल्पनेचा पत्ता विचारणारी आणि पत्ता सांगणारी अशी दोनच असतात. एकटी कथा म्हणून हे उणेपण नाही. 'कृष्णविवर'ला दुसरा भाग असावा असे मी म्हणणार नाही.

दिवाळी अंकांवर सगळे खापर फोडण्याचा मोह होतो, पण बंगालीकडे पाहिले की तो आवरावा लागतो. तिथेही पूजाविशेषांक वर्षातून एकदाच निघतात. तरीही सत्यजित राय यांचा फेलूदा त्यांत परत परत येत राहिला, आणि त्यांचा प्रोफेसर शंकू १९६१ साली 'संदेश' मासिकात अवतरल्यावर पुढे तीस वर्षे रोजनिशी लिहीत राहिला. शंकूचे विज्ञान नारळीकरांच्या विज्ञानापुढे पोरकट आहे. पण गिरिडीहचे ते घर, ते मांजर आणि तो नोकर बंगाली वाचकाच्या ओळखीचे झाले. राय यांना विज्ञान शिकवायचे नव्हते. नारळीकरांना शिकवायचे होते, आणि ते त्यांनी उत्तम केले.

एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. नारळीकरांच्या कादंबरीचे मराठी नाव 'वामन परत न आला', आणि तिच्या इंग्रजी रूपाचे नाव 'द रिटर्न ऑफ वामन'. मराठीत तो परत येत नाही, इंग्रजीत परत येतो! शीर्षकावर फार भार टाकू नये हे समजते, पण दोन वाचकवर्गांच्या अपेक्षा यात दिसतात असे मला वाटते. शिवाय नावे पाहा: वामन, यक्ष, भस्मासुर. मराठी विज्ञानकथेने पुराणांतून नावे आवर्जून घेतली. पुराणांची रीत मात्र घेतली नाही, म्हणजे कथा उघडी ठेवण्याची, पुढच्या कथेकऱ्याला बसायला जागा सोडण्याची रीत.

आणि तरीही नारळीकरांनी एक असे जग निर्माण करून ठेवले आहे की ज्याच्यासारखे दुसरे मराठीत नाही. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेविषयी मी बोलतो आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातात अशा जगात जाऊन पडतात जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. मराठे जिंकले. ईस्ट इंडिया कंपनी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास यांच्या परिसरापुरती उरली, आणि पुण्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीला वाटेत सरहद्द ओलांडून ब्रिटिश हद्दीत शिरावे लागते. विश्वासराव आणि माधवराव मिळून राज्य सांभाळतात, राघोबादादा राजकारणातून बाजूला पडतात. आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते म्हणून पंत सवयीने जाऊन बसतात, आणि श्रोते खवळतात, कारण त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षांचा कंटाळा येऊन ती प्रथाच मोडीत काढलेली असते. (डिसेंबर २०२१ मध्ये ९४वे अखिल भारतीय साहित्य संमेलन नाशिकच्या दुसऱ्या टोकाला, आडगावला भरले, त्याचे अध्यक्ष नारळीकरच होते, आणि प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. तेव्हा मला ही कथा आठवली होती.) शेवटी पंत परततात ते बखरीचे एक फाटके पान खिशात घेऊन.

पानिपत जिंकले असते तर, हा प्रश्न मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या जेवताना चघळला गेला आहे. त्यासाठी वाचकाला तयार करावे लागत नाही. फाळक्यांच्या प्रेक्षकाप्रमाणे तो आधीच त्या जगाच्या उंबऱ्यावर उभा आहे. आणि नारळीकरांनी त्याला पराक्रमाच्या गर्जनेऐवजी रेल्वेचे वेळापत्रक, ग्रंथालय आणि सभेचे शिष्टाचार दाखवले. फार मोठी समज आहे ही. एवढे जग एका कथेत उभे राहिले आणि त्यात पुढे कोणी राहायला गेले नाही. आमच्याकडच्या केंद्रीय मंडळाच्या शाळांतील मुलांनी ही कथा वाचलेली असते, पण अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात, इंग्रजीत, 'द ॲडव्हेंचर' म्हणून, प्रश्नोत्तरांसह. तिचे मूळ मराठी आहे हे सांगितले की ती चकित होतात.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. आपल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क २०८५च्या अखेरीपर्यंत राहील, म्हणून कोणी परस्पर 'भाग दुसरा' छापावा असे मी सुचवत नाही. परवानगी मागण्याचा मार्ग आहे, स्वतःचे वेगळे पानिपत कल्पिण्याचा मार्ग तर सर्वांनाच मोकळा आहे, आणि वर्गातल्या वहीला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून गेले वर्षभर मी मुलांना याद्यांच्या जोडीला एक काम देतो. गायतोंड्यांच्या त्या जगात नाशिक कसे असते ते लिहा.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि मुले त्यात अडकतात हे मला आवडते. विश्वासरावांची आई गोपिकाबाई आपले उत्तरायुष्य नाशिकजवळ गंगापूरला काढायला आली आणि १७८८ साली इथेच वारली. थोरला मुलगा जगला असता तर ती इथे आली असती का? गंगापूरच्या वाटेवरच्या आनंदवल्लीला राघोबादादांचा वाडा होता. राजकारणातून बाजूला पडलेले दादा त्या जगात कदाचित इथेच कायमचे राहिले असते, आणि गावाला त्यांच्या पत्नीचे नाव आणखी ठळकपणे चिकटले असते. मागच्या खेपेला एका मुलीने थेट नकाशाच काढला. मुंबई ब्रिटिशांकडे, म्हणजे सरहद्द कसाऱ्याच्या घाटाखाली कुठेतरी. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ साली इंग्रजांच्या काळात पुरा झाला. त्या जगात तो कोणी बांधला, पेशव्यांनी की कोणीच नाही? मुंबईला जायला परवाना लागणार. मग मुंबईच्या जवळिकीवर वाढलेली ही औद्योगिक वसाहत उभीच राहिली नसती, आणि तिचे वडील धुळ्याहून अंबडला आलेच नसते. वहीत तिने पुढे लिहिले आहे की ते तेव्हा कोणत्या गावी असते हे तिने अजून ठरवलेले नाही. दुसऱ्या प्रकरणात ठरवेल.